आत उघडणारं दार

प्रिय ठोकळ्या,

बाबांना जाऊन आज बावीस दिवस झाले. मी फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, काही म्हणाले का? मी नाही म्हटलं. तू बरं म्हणालास आणि फोन ठेवलास. येणार का, हे मीही विचारलं नाही. खरं सांगू, मला त्या दिवशी काहीच वाटत नव्हतं आणि अजूनही फारसं वाटत नाही. सकाळी उठते, सवयीने दोन कप चहा टाकते, एक ओतून देते, शाळेत जाऊन पोरांना पाढे शिकवते. भेटेल तो म्हणतो, रडून घे, मोकळी होशील. रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे, वेळ झाली की यायला?

त्या दिवशी ते आठ वाजता चहा पिऊन मागच्या शेडमध्ये गेले. दवाखान्याच्या खिडकीचं काम हातात होतं. निघते म्हणून सांगायला गेले, तर बाकाला टेकून बसलेले, रंधा मांडीवर, पेन्सिल कानावर. हाक मारली, हात लावला, आणि कळलं. मी ती पेन्सिल काढून घेतली. पुढची पंधरा मिनिटं मी तेवढंच केलं, पेन्सिल धरून उभी राहिले.

त्यांना घरातून बाहेर काढताना दार आडवं आलं. दारामागचा आपला बोळ केवढासा, त्यात दार आत उघडतं, चार माणसांना वळताच येईना. शेवटी शेजारच्या गवंडीकाकांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दारच उतरवलं. एक जण हळूच म्हणाला, अख्ख्या गावाला बाहेर उघडणारी दारं दिली, आणि स्वतःच्या घराला मात्र... पुढचं त्याने गिळलं. तुला हे वाचून नवल वाटेल, कारण तू गेलास तेव्हा आपलंही दार बाहेरच उघडत होतं.

आठवतं ना, गावात त्यांना काय काय बोलायचे? या सुताराचं दार आधी पाहुण्याला मारतं आणि मग आत घेतं. किराणावाल्याचा चष्मा दोनदा फुटला. पावसाने बाहेरच्या बिजागऱ्या गंजतात म्हणून लोक कुरकुरायचे, तर बाबा दरवर्षी तेलाची बुधली घेऊन घरोघर फिरायचे आणि फुकट तेल घालून यायचे. पण दार आत उघडणारं हवं म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, दुसरा सुतार बघा. सोळा वर्षं फौजेत काढून आलेला माणूस, वाद घालणार कोण? तू म्हणायचास, बाबांचं डोकं म्हणजे सागाची गाठ, रंधा तुटेल पण ती सपाट व्हायची नाही. तुला कारण माहीत नव्हतं. मला होतं.

मी एकोणीस वर्षांची असेन. शाळेच्या दारांना पॉलिश करत होतो, ते एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. मी सहज विचारलं आणि त्यांनी माप सांगावं तसं सांगितलं. लढाईत एक कोठार पेटलं. आत सात जण होते. दार आत उघडणारं. घाबरून सगळे दारालाच रेटून उभे राहिले, आणि बाबा बाहेरून ढकलत राहिले. आतून जेवढा रेटा, तेवढं दार घट्ट. मग आतून रेटायचंच थांबलं. एवढं बोलून म्हणाले, दुसरा हात दे, पहिला वाळला. पदक त्यांना त्याच दिवसाबद्दल मिळालं होतं. त्या पदकाच्या डबीत ते बारीक स्क्रू ठेवत, हे तर तू पाहिलंच आहेस.

आणि पुढच्याच वर्षी तू भरतीच्या मागे लागलास. पहाटे मैदानाला फेऱ्या, घड्याळ धरून मी उभी. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तू निवडला गेलास, आणि हजर होण्याचं पत्र काही येईना. बरोबरच्या पोरांची हजर व्हायची तारीख उलटून आठ दिवस झाले तेव्हा तू घर उलटंपालटं केलंस, आणि ते सापडलं बाबांच्या फौजेतल्या ट्रंकेत. तू त्यांना काय काय बोललास ते लिहीत नाही, तुलाही पाठ असेल. ते भुशाने माखलेले उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाले, "मीच ठेवलं." तू बॅग भरलीस आणि गेलास. अकरा वर्षं झाली.

तू दर महिन्याला मला फोन करायचास, त्यांचं नाव न काढता. फोन वाजला, की मागचा रंधा थांबायचा. आपलं बोलणं होईपर्यंत थांबलेला असायचा. मी फोन ठेवला, की पुन्हा सुरू. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, पण म्हणूनच मी तुझी उत्तरं मोठ्याने परत म्हणत असे. ताईला बहिरेपण आलं म्हणून तू चिडवायचास.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवला असतास. ते पत्र बाबांनी ठेवलं नव्हतं, ठोकळ्या. पोस्टमनकडून मी घेतलं. तू कामावर होतास. माझ्या डोळ्यांपुढे ते कोठाराचं दार होतं, आणि आत तू. ट्रंकेत टाकलं, कारण ती कोणी उघडत नसे. ते त्यांच्यावर येईल, हे माझ्या लक्षातही आलं नाही. तू गेल्यावर मी त्यांना म्हटलं, मी आत्ता स्टेशनवर जाते, सांगते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "त्याला बोलायला घरात एक तरी माणूस राहू दे." मी ऐकलं, आणि सोयीचं होतं म्हणून अकरा वर्षं ऐकत राहिले. याची मला लाज वाटते, बाकी काही वाटत नसलं तरी एवढं वाटतं. त्याच रविवारी त्यांनी आपलं दार उतरवलं, दिवसभर पटाशीने चौकटीची खाच दुसऱ्या बाजूला पाडली आणि ते आत उघडणारं केलं. गवंडीकाकांनी विचारलं, हे काय भलतंच? तर म्हणाले, बॅगा घेऊन येणाऱ्याचे हात भरलेले असतात, त्याला नुसतं ढकलता आलं पाहिजे. बाबा गेले त्या संध्याकाळी काका स्क्रू घेऊन आले, दार आता पूर्वीसारखं बाहेर उघडणारं करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, होतं तसंच लावा. तू यापुढे माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. राग त्यांच्यावरून उचल आणि माझ्यावर ठेव, तो माझाच आहे. दिवसा आम्ही कडी लावत नसू, मी अजूनही लावत नाही.

तुझीच,
ताई