झिऱ्याच्या रानासाठी गाण्याचा दिवस

गुरुजी, परवा मी झिऱ्याच्या रानात जाऊन आलो. नातवाच्या स्कूटरवर मागे बसून गेलो, आता तेवढं पायी चालवत नाही. वैशाख अर्धा संपला तरी झिऱ्यात गुडघाभर पाणी आहे. अंजनाच्या झाडांवर मोर होते, आणि खालच्या शेतातला एक जण त्यांना शिव्या देत होता, कारण त्यांनी त्याचा उन्हाळी भुईमूग उकरून टाकला होता. "त्या जुना गुरुजीनी हाई झंझट करी ठेवी," असं तो मलाच सांगत होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर वाटलं, एकदा तुम्हाला लिहावं.

तेव्हा महाराष्ट्र व्हायला अजून एक-दोन वर्षं होती. तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आपली दोन मास्तरांची शाळा. तुम्ही मोठे गुरुजी, मी तुमच्या हाताखाली नुकताच लागलेलो. रान आप्पांच्या मालकीचं होतं, गुजर शेतकऱ्यांमधलं मोठं घर ते. कोळशाच्या ठेकेदाराने सगळी झाडं मागितली आणि आप्पांनी जवळजवळ हो म्हटलं. तुम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात. झाडं गेली की झिरा आटेल, माती वाहून खालच्या शेतात येईल, चितळं आणि मोर कुठे जातील, असं तुम्ही तासभर समजावत होतात. आप्पा सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुम्हले झाडेस्ना इतला नाद शे, ते ठेकेदार देस तितला पैसा तुम्हीच द्या. होळीलोंग थांबसू मी. रान शाळाना नाववर करी देसू."

तुमच्या पगारात ते कसं बसणार? तुम्हीच गाण्याचा दिवस काढलात. बाजाराच्या दिवशी दुपारी, शाळेच्या पटांगणात. सपाटीवरच्या गावांतली भजनी मंडळं, लग्नात गाणाऱ्या गुजर बायका, आणि शेवटी डोंगरावरच्या एका पाड्याचा मोठा ढोल. मुलांनी पुठ्ठ्याची तिकिटं कापली, त्यावर शाळेचा शिक्का मारला. चार आणे तिकीट. पटांगणाभोवती बैलांचे दोर बांधले आणि आत यायला दोर जिथे सोडला होता तिथे मला उभं केलं. माझ्या हातात यादी होती. तिच्यात लिहिलं होतं: ढोल, पाच जण.

ढोल आला तेव्हा त्याच्यामागे सगळा पाडा होता. बायका, कडेवरची पोरं, म्हातारी माणसं, साठ-सत्तर तरी असतील. ढोल सगळ्यांत पुढे, एका उंच म्हाताऱ्याच्या गळ्यात. मी बाजूला होणार तोच तिकीट काढून आत आलेले दोन शेतकरी मागून म्हणाले, "मास्तर, आम्हीन काय पाप करं? चार आना आम्हनाच खिसामाईन का?" बाकीचे हसले. माझे कान तापले. मी म्हाताऱ्याला म्हणालो, वाजवणारे पाच आत, बाकीच्यांना तिकीट. तो माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मग डोंगरातली माणसं बाजारात बोलतात त्या अहिराणीत सावकाश म्हणाला, "ढोल एकला येत नही. गाव येस." मी यादीवर बोट ठेवलं. तो वळला, आणि त्याच्याबरोबर सगळे वळले. आले त्याच वाटेने निघून गेले.

भजन संपलं. तुम्ही उठून ढोलाचं नाव पुकारलंत आणि कोणी आलं नाही. तुम्ही दोरापाशी आलात, मी सांगितलं, यादीत पाचच होते. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. रागावला नव्हता तुम्ही, थकल्यासारखे दिसलात. लोक कुजबुजायला लागले तशी तुम्ही मोठ्याने म्हणालात, "मास्तरले कोनी बोलू नका. त्यास्ले सांगाले मीच विसरनू." आणि तुम्ही अनवाणीच निघालात, वहाणा तिकडे सतरंजीपाशी राहिल्या.

नाल्याच्या कोरड्या वाळूत तुम्ही त्यांना गाठलंत. मी मागे होतो. तुम्ही हात जोडून म्हणालात, "पाहुना म्हनीसन बलायं आनि दारमा अडायं. आते तुम्ही येऊ नका. आम्हीनच येतस तुम्हनाकडे." म्हाताऱ्याने बराच वेळ तुमच्या पायांकडे पाहिलं. मग तिथेच वाळूत ढोलावर टिपरी पडली.

तो आवाज बाजारापर्यंत गेला. पटांगण रिकामं झालं, दुकानं तशीच टाकून माणसं नाल्यात उतरली. गोल धरून पाडा नाचत होता, त्यात भजनी मंडळातले दोघे घुसले, गुजर बायका काठावर उभ्या राहून हसत होत्या. एक जण मला येऊन म्हणाला, "मास्तर, आठे ते फुकट शे. मन्हा चार आना परत दे." पण मग पाड्यातल्या एका बाईने तुमच्यापुढे कोंबडा आणून ठेवला, रानासाठी. मागोमाग मोहाची फुलं आली, कुणी जोंधळा आणला, कुणी भोपळा. देवळात करतात तसा तुम्ही तिथेच लिलाव लावलात. कोंबड्यावर आप्पा आणि त्यांचे व्याही असे काही अडून बसले की बायकांनी पदर तोंडाला लावले. "आप्पा, रानबी तुमना, कोंबडाबी तुमनाच का?" कोणीतरी ओरडलं. आप्पांनी आणखी बोली चढवली. "दखा, आते हाऊ मन्हाच शे!"

तरी रक्कम पुरी झाली नाही. होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही ती घेऊन आप्पांकडे गेलात तेव्हा मी पायरीवर उभा होतो. ठेकेदाराचा माणूस आत बसला होता. कमी पडलं ते माझ्यामुळे असं मला वाटत होतं. आप्पांनी पैसे उचलले आणि त्या माणसाला म्हणाले, "जा भो तू." तुम्ही उरलेल्याचं विचारलंत. "उरेल पैसा मोर देतीन," आप्पा म्हणाले. घरी येताना तुम्ही गुणगुणत होतात. तुम्हाला गाता येत नव्हतं.

आता लिहायचं ते लिहितो. तुम्ही विसरला नव्हता. त्या दिवशी सकाळी दोर बांधताना तुम्ही मला सांगितलं होतं, ढोलाबरोबर येतील त्यांना अडवू नका, तिकीट मागू नका. मी हो म्हणालो होतो. दोन माणसं बोलली आणि बाकीचे हसले म्हणून मी ते मोडलं. पुढे कितीदा तुम्ही लोकांना सांगितलंत, वय झालं, त्या दिवशी मास्तरला सांगायचंच राहिलं. खरंच राहिलं असं तुम्हाला वाटत होतं की मला वाचवत होतात, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. रान आज उभं आहे, तेव्हा त्या चुकीने काही बुडालं नाही, एवढं परवा डोळ्यांनी पाहिलं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही वारलात त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मी रडलो ते सगळ्यांनी पाहिलं. पण आता त्या सकाळबद्दल मला कोणी विचारणार नाही, म्हणून तेव्हा थोडं हायसंही वाटलं होतं.