मामाने सांगितलेला अर्थ

कराची, १९३४

चि. कमळीस आबाचा आशीर्वाद.

आजीचा दमा कमी झाला का? आईचा गुडघा कसा आहे? धाकटा गेणू पोटभर जेवतो ना? मी खुशाल आहे.

‘इन द निक ऑफ टाइम’ म्हणजे ‘ऐन वेळी’, असं बजरंगमामाने सांगितलं म्हणे. मामा लय शिकलेला. पण तुला एबीसी मी शिकवली.

नुसतं ऐन वेळी नव्हे. भाताच्या आवणीत खाचराचा बांध फुटत होता, तू परकर खोचून दगड-चिखल लावलास आणि रोपं वाचली. नुकसान होता होता टळलं, तरच तसं म्हणावं. मामा तेव्हा तळेगावात झोपला होता.

पुढचं अडलेलं मलाच विचार. लवकर लिही. मामा पुन्हा अर्थ सांगायला घरी यायच्या आत तुझं पत्र माझ्या हाती पडलं, तर मी ‘इन द निक ऑफ टाइम’ म्हणेन.

तुझा आबा