२०४८ चा आकडा

५ डिसेंबर
मॅनेजर बेलार्मिनोने आज मला कप फेकून मारला! गरम कॉफीसकट. भुवई फुटली.

का? तर नाताळाआधी खाणीचे मालक येणार, त्यांना पडद्यावर उपग्रहाची लाईन ‘२०४८’ दिसायला हवी. मॅनेजरसाहेबांची हौस! मी म्हटलं, “सर, ती लाईन चौसष्ट किलोबिटची. आकडा ही नुसती पाटी. पाटी बदलून रस्ता रुंद होत नाही. उलट वाट निवडणारा राऊटर पाटीवर विश्वास ठेवणार, सगळा बोजा इकडेच ढकलणार आणि टॉवरची रुंद लाईन रिकामी पडणार. फोनसुद्धा अडकतील.”

“मला अक्कल शिकवतेस?” म्हणाला — आणि कप.

मग आकडा त्याने स्वतःच टाकला. “हात लावलास तर तू आणि तुझा भाऊ, दोघं उद्या घरी.” मानोय तेरॉय, माझा थोरला भाऊ, खालच्या फाटकावर पहारेकरी आहे. आकड्याला हात लावला नाही.

६ डिसेंबर
सगळा कॅम्प घरी फोटो पाठवतोय. खाली बुतुआन शहराला फोन लावला तर पलीकडचा माणूस गुळण्या करतोय असं वाटतं.

९ डिसेंबर
लिहवत नाही.

दुपारी डोंगरातले बंदूकवाले फाटकावर आले. मानोयने एक्स्चेंजवर माझ्यामार्फत लष्कराच्या चौकीला फोन जोडून घेतला. मी मध्येच, दोन्हीकडचं ऐकत होते. “फाटकावर आलेत! माणसं पाठवा!” चौकीवाला — “कोण? कुठे? परत बोला!” मानोय ओरडत होता. मागे गोळ्या.

धावत राऊटरकडे गेले, आकडा पुसून चौसष्ट केला. फोन टॉवरवर गेला.

“हां, आता स्वच्छ येतंय,” चौकीवाला म्हणाला. “बोला!”

बोलायला कोणी नव्हतं.

१० डिसेंबर
कोयत्याने तोडलाय माझ्या भावाला. शवपेटीचं झाकण बंदच ठेवलं. आई झाकणावर डोकं आपटत होती.

शेजारी रीतीप्रमाणे पेटीपाशी मयताच्या जागरणाचे पत्ते खेळत बसलेले, तिथे बेलार्मिनो आला. सांत्वन बाजूलाच! कानाशी येऊन म्हणतो, “मालक येतायत, आकडा परत टाक.” मी पत्त्यांचं स्टूल उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडला. बरं वाटलं! चौघांनी धरलं नसतं तर जीवच घेतला असता मेल्याचा.

जाऊन आकडा स्वतःच टाकला त्याने. “यापुढे आकड्याला हात लावायचा नाही!”

नोकरीवरून मात्र काढलं नाही. मालकांसमोर यंत्र चालवणार कोण?

१३ डिसेंबर
मालकांनी आकडा बघून टाळ्या वाजवल्या. अख्खं डुक्कर भाजलं होतं. तेरॉयचं नावही कोणी काढलं नाही. मालक हेलिकॉप्टरने गेले आणि बेलार्मिनोला वरचा बंगला मिळाला.

१५ डिसेंबर
दुपारी वरच्या बंगल्यातून फोन. कॅम्पच्या आतलीच लाईन, म्हणून आवाज अगदी स्वच्छ. “क्रिसांता, बंदूकवाले दार फोडतायत! चौकीला माझं काहीच कळत नाहीये! आकडा काढ — पाया पडतो तुझ्या, बाई, आकडा काढ!”

“तुम्हीच म्हणालात सर, हात लावायचा नाही,” म्हटलं. आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.