ऑपरेशन थोडं थांबलंय

वेंडेल,

तू बोट धक्क्याला लावून घरी येशील तेव्हा मी नसेन. घाबरू नकोस, पडलेबिडले नाही. शेजारच्या जिनेटच्या गाडीतून पोहण्याच्या तलावावर गेलेय. हॅडॉक माशाचं, दूध घातलेलं सूप पातेल्यात आहे. मंद आचेवर गरम कर, उकळलंस तर दूध फाटेल.

सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला होता, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला. मी धीर करून विचारलं, "त्याआधी दुसरं काही करून बघता येईल का?" मला वाटलं, चिडतील. तर म्हणाल्या, "बघायलाच हवं की! ऑपरेशन कुठे पळून जातंय?" म्हणून आता कोमट पाण्यातले व्यायाम, आणि माझ्यासारख्याच दुखणाईतांचा एक गट आहे, तिथे जाऊन बसायचं. गोळ्या चालूच राहतील. उन्हाळा संपला की पुन्हा तपासतील. नाहीच गुण आला, तर ऑपरेशनलाही माझी ना नाही.

तू तुझ्या मित्राचं उदाहरण देशील, "मर्विनने ऑपरेशन करून घेतलं, आता लग्नात नाचतो." नाचू दे की. त्याचा गुडघा त्याचा, माझा माझा. पण रागावून गप्प बसू नकोस. आल्यावर मला विचार, पाण्यात काय काय केलं ते.

आणि हो, सोफ्यावरची माझी उशी वर आपल्या खोलीत नेऊन ठेव. हिवाळाभर एकटी खाली झोपले, तेवढं पुरे. आज जिना मी चढणार आहे. तू मागे उभा राहा, फक्त घाई करू नकोस.

ओडेट