अर्धा फेरा

शुक्रवार, १४ मार्च
दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. अकरा वर्षांनी लिहितेय आणि हात गॅरेजचेच आहेत, तेव्हा कागदावर डाग दिसले तर राग मानू नकोस. पत्ता आत्याकडून घेतला. तू बरा असशील असं धरून चालते.

आईचा गुडघा कुरकुरतो, ती त्याच्याहून जास्त कुरकुरते. गॅरेजची मागची भिंत नव्यानं बांधली, तू सारखा म्हणायचास ती. बाबांच्या हातांची कातडी थंडीत अजून ओढते, पण पाना धरतात. आणि त्यांनी ती गाडी पुन्हा उभी केली. वायरिंग नवं, बॉनेटचा रंग नवा, बाकी सगळं तेच. परवा रविवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. लग्नाच्या दिवशी आईला ज्या गाडीतून आणलं (तेव्हाच ती म्हातारी होती, गाडी), तिच्यातूनच तिला फिरवून आणायचं असा त्यांचा हट्ट. आई म्हणते, "चाळीस वर्षं फिरवलंच की मला, आता आणखी कशाला?" पण पुढच्या सीटचं कव्हर तिनंच शिवलंय.

मंगळवारी गाडी सुरू झाली आणि नको तेवढं पेट्रोल प्यायला लागली. काळा धूर, डोळे चुरचुरतील असा वास. प्लग काढले तर चारही काजळीनं माखलेले. ऑइलच्या पट्टीलासुद्धा पेट्रोलचा वास. गाडी पेटली त्या दिवशी सकाळी होता तोच सगळा प्रकार, दादा. आणि रविवारी पुढच्या सीटवर आई बसणार.

बाबा लगेच म्हणाले, "त्याचाच स्क्रू. दीड-दोन फेरे जास्त बाहेर काढून ठेवलाय, दुसरं काय." तुझं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात.

मी आधी लांबच्या वाटेनं गेले. एअर फिल्टर काढून पाहिला, चोक पूर्ण उघडतोय का पाहिलं, पंपाचा दाब मोजला. सगळं ठीक. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं माझं. काल शेवटी इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरवरचा, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू आत फिरवायला घेतला. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. बाबांचं माप दोन फेऱ्यांचं, तुला ठाऊकच आहे. मी मोजत गेले. एक, दोन, अडीच, बंद. तू म्हणाला होतास तेवढाच, अर्धा जास्त.

"किती होता?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "मोजला नाही."

स्क्रू पूर्ण बंद म्हटल्यावर इंजिननं मान टाकायला हवी होती. ते खुशाल धूर सोडत चालत होतं. म्हणजे जास्तीचं पेट्रोल स्क्रूवाटे येतच नव्हतं. बाबा त्या धुराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कार्ब्युरेटरच्या सुईत कचरा अडकला असेल. झाकण उघड." मी म्हटलं, दहाचा पाना सापडत नाहीये. तो माझ्या खिशात होता.

आज ते जेवायला गेले तेव्हा झाकण उघडलं. सुई स्वच्छ. फ्लोट काढून कानाशी हलवला, आत थेंब नाही. पण त्या पितळी डबीच्या सांध्यावर शेंगदाण्याएवढा सोल्डरचा गोळा आहे. फ्लोट जड झाला की पुरता तरंगत नाही, सुई मिटत नाही आणि पेट्रोल भरून तापलेल्या पाइपावर सांडतं. हे तुला सांगायला नको. तो गोळा कुणाचा, ते सांगायला हवं.

माझा आहे. तू स्क्रू फिरवलास त्याच्या आदल्या दिवशीचा. एकोणीस वर्षांची होते. फ्लोटला बारीक भोक दिसलं, म्हटलं आपणच बुजवू आणि मग ऐटीत सांगू. हलवून पाहिला, बसवून टाकला. सोल्डर केलेला फ्लोट काट्यावर तोलल्याशिवाय बसवायचा नाही, हा बाबांचा नियम. सोनाराकडचा तो छोटा काटा त्यांनी त्याचसाठी आणलेला. मी तोलला नाही. आज तोलला. अठरा ग्रॅमचा हवा, बावीस भरला.

बाबांनी पेटतं बॉनेट उघड्या हातांनी वर केलं, आणि संध्याकाळी पट्ट्या बांधून घेताना तुला विचारलं, "किती फिरवलास?" तू म्हणालास, "अर्धा फेरा." ते म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस मला घरात नको." तेव्हा पट्टीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला संशय होता. संशय कसला, माहीतच होतं. चोराच्या मनात चांदणं. म्हणून तर अकरा वर्षं मी ते झाकण उघडलं नाही.

पुढचं ऐक. मी नवा फ्लोट बसवला आणि बाबा आल्यावर म्हटलं, "कचराच होता." स्क्रू त्यांच्या मापानं दोन फेऱ्यांवर ठेवला तर इंजिन अडखळायला लागलं. अर्धा आणखी बाहेर घेतला, आणि धूर नाही, वास नाही, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "हात बसला तुझा. किती घेतलास?"

मी म्हटलं, "थोडा."

जुना फ्लोट माझ्या खिशात आहे. फेकून दिला तर संपलं. रविवारी गाडी नीट जाईल, आई खूश होईल, तू खोटारडा राहशील. हे पत्र टाकीन की फाडीन, आत्ता तरी मला माहीत नाही.

शनिवार, सकाळ

फाडलं नाही.

बाबा गाडी पुसत होते. मी काटा आणि फ्लोट त्यांच्यासमोर ठेवला.

"हा कुणी जोडला?"

"मी. आगीच्या आदल्या दिवशी."

चिमट्यात बारीक वजनं त्यांना धरता येत नाहीत, मलाच ठेवायला लावली. बावीस. पुन्हा तोलायला लावला. बावीस.

"स्क्रू किती बाहेर होता?"

"अडीच. मी मोजला होता."

"आणि आत्ता?"

"अडीच."

त्यांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग आत गेले. आईला सगळं ऐकू गेलं होतं. माझ्याकडे न बघता ती त्यांना म्हणाली, "उद्या मी त्या गाडीत बसणार नाही. तो येईल तेव्हा बसेन. एकेचाळीस वर्षं झाली तरी चालेल मला."

तासाभरानं बाबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"त्याला लिहितेयस?"

"हो."

"लिही, अर्धाच होता."

"आणि पुढे काय लिहू?"

"एवढंच. त्याला कळेल."

म्हणून लिहिते. अर्धाच होता, दादा. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. फ्लोट सोबत पाठवतेय, तिथल्या एखाद्या सोनाराच्या काट्यावर तूही तोलून बघ. गाडीची किल्ली खिळ्यावर आहे, तू येईपर्यंत.

लहानपणी तू मला एक नाव ठेवलं होतंस. आगीनंतर त्या नावानं कुणी हाक मारली की मी ओ देत नसे, आणि का ते कुणी विचारलं नाही. आज त्याच नावानं सही करते.

तुझी,
ठिणगी