नाना, ओट्यावरून आत या

प्रिय नाना,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात तोवर मनात आलं की फैजपूरहून एस.टी. धरून धुळ्याला यायचात, मग लिहायचं कशाला? तुम्हाला जाऊन आता दोन वर्षं झाली. काल चष्म्याचा नंबर तपासायला तुमच्याच डॉक्टरांकडे गेले होते. केस पार पांढरे झालेत त्यांचे. डोळ्यात थेंब टाकता टाकता त्यांनी तुमचं नाव काढलं, आणि मग कितीतरी वेळ आम्ही तुमच्याबद्दलच बोलत बसलो. घरी आल्यावर थेंबांमुळे अक्षर दिसेना, म्हणून आज लिहायला बसलेय.

जळगावात डोळ्यांचे डॉक्टर नव्हते का हो नाना? वाचायचा चष्मा करायला तुम्हाला धुळंच का हवं होतं, ते मला ठाऊक आहे. माझं लग्न होऊन चारच महिने झाले होते. डॉक्टरांचं नुसतं निमित्त.

पण घरात येऊन बसलात, तरी पाण्याचा थेंब घेतला नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. फिरकीच्या तांब्यात पाणी घरून घेऊन आलात आणि माझ्यासमोर तेच प्यालात. किती राग आला होता मला! एकदा मूल होऊ दे, मग बघते कसे उपाशी जातात, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

चष्म्याचं बाजूलाच राहिलं आणि डॉक्टरांना भलतंच दिसलं. डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली एक काळपट डाग, तिळाएवढा, जरासा फुगलेला. दुखत नव्हता, खुपत नव्हता. नुसता तीळ असेल तर आयुष्यभर तसाच राहील, पण वाढला तर ती गाठ, आणि गाठ अंगात पसरू शकते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून दर चार महिन्यांनी यायचं. मी घाबरले, आणि तुम्ही मात्र बाहेर येऊन म्हणालात की आता डोळ्यातच तीळ आहे म्हटल्यावर कोणाची नजर लागायची नाही.

मग तुमच्या खेपा सुरू झाल्या. डॉक्टर रंगीत पेन्सिली घेऊन त्या डागाचं चित्र काढायचे आणि तुम्ही त्यांच्या टेबलावर केळीची फणी ठेवायचात. केळीच्या बागा कापून देणारा माणूस तुम्ही. घड कापायला झाला की नाही, हे लांबून बघून सांगणारे. तुमच्या डोळ्यांवर बागवाल्यांचा भरवसा होता.

दीड वर्षानं चित्रातला डाग मोठा झाला. गावात ज्यानं त्यानं आपली अक्कल पाजळली. कोणी म्हणालं डोळा काढून टाका, कोणी म्हणालं मध घाला. डॉक्टरांनी समजावलं की गाठ अजून लहान आहे, तोवरच डोळा वाचवता येईल. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून, एक छोटी चकती टाक्यांनी बसवतात. तिच्यातून किरणं निघतात, ती गाठ जाळतात. चार-पाच दिवसांनी चकती काढून घेतात. नजर थोडी कमी होईल, पण जीव राहील. तुम्ही विचारलंत ते एवढंच, की उरलेल्या डोळ्यानं घड झालाय की नाही ते कळेल ना.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन राहिले होते. आई तुमच्याबरोबर मुंबईला गेली. चकती डोळ्यात असेपर्यंत तिलाही दारातूनच बोलावं लागलं. पोटुशी बाई आणि लहान मूल तर खोलीच्या आसपासही नको, असं तिथल्या नर्सनी बजावलं होतं.

तुम्ही परत आलात आणि घरात पायच ठेवला नाहीत. थेट मळ्यातल्या खोलीवर राहायला गेलात! आईच्या फोडणीचा ठसका डोळ्याला सोसत नाही म्हणे. आम्ही खरं मानलं. मग प्रणाली झाली. दवाखान्यात तुम्ही दारातून डोकावलात आणि पेढे आणायला म्हणून गेलात ते गेलातच. बारशाला अंगणात उभे. पाळण्यापाशी आला नाहीत.

मी धुळ्याला परतले. तुम्ही तपासणीला आलात, आणि ओट्यावर बसलात. हातात तोच तांब्या. मी बाळ घेऊन उंबऱ्यात आले की तुम्ही उठून रस्त्यावर. आत माझ्या सासूबाई व्याह्यांसाठी ताट वाढून बसलेल्या. "याही बाहेर काब बसनात? बठ्ठं जेवण थंड व्हयनं," त्या म्हणाल्या. तुम्ही बाहेर का बसलात, ते मी काय सांगणार? मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. लेकीवर एवढा जीव टाकणाऱ्या माझ्या नानांना नात नको झाली? कितीतरी वेळा मी मोरीत जाऊन रडले.

पुढच्या खेपेला आईला ताप होता, म्हणून दवाखान्यात तुमच्यासोबत मी आले. सासूबाई गावाला गेलेल्या, तेव्हा सात महिन्यांची प्रणाली कडेवर. मी बाकावर बसले तर तुम्ही पार जिन्यापाशी जाऊन उभे राहिलात. आत डॉक्टरांनी डोळा बघितला आणि खुशीत म्हणाले की गाठ बसत चाललीय. तुमचं लक्षच नव्हतं.

"डाक्टरसाहेब, ते डोयाचं राहू द्या," तुम्ही म्हणालात. "या लेकराले मांडीवर घ्याले मले अजून किती महिने थांबा लागीन?"

त्यांना काही कळेना. मग तुम्ही हळूहळू सगळं सांगितलंत. चकती काढली, पण किरणं डोळ्यात मुरली असतील. "इस्तो उचलला तरी चूल गरम ऱ्हाते ना?"

डॉक्टरांनी हातातली बॅटरी भिंतीवर लावली आणि बंद केली. "नाना, उजेड राहिला का भिंतीवर? तसंच आहे हे. चकती निघाली तेव्हाच किरणं संपली. मुंबईहून निघालात तेव्हाच तुम्ही मोकळे होतात."

तुम्ही कोपऱ्यातल्या नळावर हात धुतलेत, धोतराला पुसलेत आणि पुढे केलेत. मी प्रणालीला तुमच्याकडे दिलं. तिनं आधी तुमची टोपीच ओढली. बाहेर बाकावरच्या माणसांना तुम्ही सांगत सुटलात की डोळ्यात औषध घातलंय, त्याचं पाणी वाहतंय. औषध एका डोळ्यात घातलं होतं नाना. वाहत होते दोन्ही.

त्या दुपारी तुम्ही माझ्या घरी जेवलात. वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी. पाणीही आमच्याच माठातलं. नात मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतात, म्हणून बट्टी मीच चुरून दिली.

पण मला एक सांगा, तुम्ही कोणाला विचारलं का नाही? एवढे महिने! तिथल्या नर्सला, आईला, मला? खूप नंतर एकदा तुम्ही म्हणालात की कोणी "आता जन्मभर लांबच राहा" म्हटलं असतं तर काय केलं असतं, त्यापेक्षा न विचारलेलं बरं. माझ्यापासूनही लपवलंत, कारण पोटुशी पोर घाबरेल आणि सासरी नाही ते बोलतील. बापाची ही कसली माया हो? मी तिकडे भलतंच समजून झुरत होते.

नंतर मात्र सगळी कसर भरून काढलीत. प्रणालीला डोक्यावर बसवून ठेवलंत, ती अजून खाली उतरायला तयार नाही. डावी नजर अंधुक झाली, तरी मान वाकडी करून घड बघायचात आणि कधी चुकला नाहीत. शेवटी नेलं ते हृदयानं. तो डाग बिचारा तसाच निजून राहिला.

आता काल डॉक्टर जे म्हणाले ते सांगते. शिरपूरकडच्या एक बाई पुढच्या आठवड्यात मुंबईला निघाल्यात. तसाच डाग, तशीच चकती. "मी सगळं सांगेनच," ते म्हणाले, "पण डॉक्टरपुढे माणसं मान हलवतात आणि मनातलं मनातच ठेवतात. नानांचं मला कळलं नव्हतं. तुम्ही बोलाल त्यांच्याशी?"

मी हो म्हणून आलेय. उद्या जाणार आहे त्यांच्या घरी. गाठीचं आणि किरणांचं डॉक्टर सांगतील. मी आधी एवढंच विचारेन, की घरात तान्हं लेकरू कोण आहे. आणि नाना, असेल तर हा माझा शब्द. त्या बाई मुंबईहून परत येतील तेव्हा मी त्यांच्या दारात उभी असेन, आणि त्यांनी घरात पाऊल टाकायच्या आधी ते लेकरू त्यांच्या हातात देईन.

तुमची लेक,
सुमन