मांडीवरची थाप

शुगर लँड, सोमवार

प्रिय देवांग,

मराठी वाचायला तुला वेळ लागतो, हे ठाऊक असूनच मराठीत लिहितोय. फोनवर तू 'आय ॲम गुड, बाबा' म्हणून माझं बोलणं अर्ध्यावर तोडतोस. कागदाचं तसं करता येणार नाही. सुरुवातीला हे पत्र कौतुकाचं वाटेल, पण आहे काळजीचं. सावकाश वाच.

कॉलेजच्या हॉल ऑफ फेमसाठी तुझी निवड झाली आणि समितीने माझ्याकडे तुझ्या कारकिर्दीचे आकडे मागितले. माझ्या वह्या आहेतच. हायस्कूलमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या मॅचपासून तुझी एकेक पकड मी टिपून ठेवलीय. 'टॅकल' म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. कॉलेजात तीनशे बारा पकडी, एकतीस वेळा समोरच्या संघाच्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवं केलंस, दोन वर्षं कॉन्फरन्समधल्या सगळ्या कॉलेजांत सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, मग व्यावसायिक लीगचे पाच सीझन. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या इतरांची मुलं स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकत होती तेव्हा मी तुझे फोटो घेऊन मंडळाच्या पॉटलक जेवणांना जायचो. शुभाकाकू तर मला लांबून पाहिलं की ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर पळायच्या.

नागपूरला कबड्डीत आमच्या सरांनी शिकवलं, तेच मी तुला बॅकयार्डमध्ये शिकवलं. कमरेत वाक, धरलंस की सोडू नकोस. आणि कितीही लागलं तरी उठून मांडीवर थाप मारायची, समोरच्याला कळता कामा नये. तू मैदानातून मला शोधून थाप मारायचास, मी वहीत 'ठीक' लिहायचो. तुझी आई मात्र एकदाही आत आली नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायची. मी तिला भित्री म्हणायचो. तिला जे बाहेर बसून कळत होतं, ते मला आत बसून दिसलं नाही.

काल वह्या चाळताना कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातली तुझी एक मॅच निघाली. डोकं आपटून पडलास, उठलास, थाप मारलीस आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. लोक हसले. मीही हसलो. मॅचनंतर दुखापती बघणाऱ्या ट्रेनरने मला विचारलं, हा नेहमी असा वागतो का? मी म्हणालो, थट्टेखोर आहे. तुला पुढची मॅच चुकायला नको होती ना मला! वहीत 'ठीक' लिहिलंय. ठीक नसलेले असे सतरा 'ठीक' मला सापडले. ते माझ्याच अक्षरात आहेत, देवांग, आणि मला त्यांची लाज वाटते.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी तू निवडीची बातमी फोनवर सांगितलीस. दुपारी पुन्हा सांगितलीस. संध्याकाळी तिसऱ्यांदा, तितक्याच आनंदाने. मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ओरडलो आणि फोन ठेवून तुझ्या आईजवळ रडलो. तिने तुझ्याकडे, अल्फारेटात, पुढच्या गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. समितीला आकडे पाठवून दिले. ते सतरा 'ठीक' तारखांसकट मी डॉक्टरांसमोर ठेवणार आहे. आम्ही दोघं आदल्या दिवशी, बुधवारी पोचतो. या वेळी आईही आत येणार आहे. डॉक्टर विचारतील, कसं वाटतंय? तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. आणि मांडीवर थाप मारू नकोस, बाळा.

तुझाच,
बाबा